व्हॅल्मेच्या अंगणातली पिओनी

दक्षिण गोलार्धातल्या, जूनमध्ये हिवाळा असणाऱ्या तेमुका गावात नोएलीन ट्रेवेथनच्या बागेची ख्याती होती, आणि तिच्या जिभेची त्याहून जास्त. सकाळी ती ब्रेड आणायला म्हणून पायी निघायची, पण ब्रेड हे निमित्त. वाटेतल्या प्रत्येक कुंपणापलीकडे डोकावून नाक मुरडण्याची तिची ती वेळ असे. निवृत्त हेडमास्तरांनी फाटकापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंनी निळ्या गोंड्यांचा आगापान्थस लावला होता. नोएलीनच्या मते तो त्यांनी लावलाच नव्हता. तो आपण होऊन घुसला होता आणि त्याला हाकलण्याची हिंमत त्या माणसात नव्हती. पोस्टाजवळच्या घरासमोर पिवळ्या डे-लिली रांगेत उभ्या होत्या. "अगदी अशाच पेट्रोल पंपावर आहेत," नोएलीन म्हणायची, "तिथे निदान थांबायला काही कारण असतं."

तिचा राग एका गोष्टीवर होता. चार महिने फुलून मरणारी झाडं लोकांनी कशीही निवडावीत, तिचं काही म्हणणं नव्हतं. पण थंडीत जमिनीखाली जाऊन दर वसंतात मुळातून पुन्हा उठणारं झाड म्हणजे घरात माणूस आणण्यासारखं. ते आपल्या नंतरही तिथे राहणार. आणि लोक ते पडद्याचं कापड निवडल्यासारखं निवडतात, शेजारणीकडे कुठला रंग आहे ते बघून.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पर्थला. बागेत दिवस जायचा, आणि उरलेला वेळ इतरांच्या बागांना नावं ठेवण्यात. असं सगळं नीट चाललेलं असताना तिची धाकटी बहीण व्हॅल्मे ब्रिस्बेनहून परत आली.

व्हॅल्मे विशीत एका रंगाऱ्याचा हात धरून ऑस्ट्रेलियात गेली होती. रंगारी पुढे मोठा कंत्राटदार झाला आणि अलीकडे वारला. आईच्या शेवटच्या आजारात नोएलीनने सगळं केलं होतं. व्हॅल्मे आली ती दफनाला, पातळ सँडल आणि काळा चष्मा घालून, आणि ओल्या गवतात पाय भिजले म्हणून कुरकुरत परत गेली होती. नोएलीन हे विसरली नव्हती. ती काहीच विसरत नसे.

फेब्रुवारीत व्हॅल्मेने नोएलीनच्या अगदी समोरचं विटांचं घर घेतलं. सामान उतरवायच्या आधीच ती रस्ता ओलांडून आली आणि स्वयंपाकघरात बसली.

"आता कायमची आले, नोल," ती म्हणाली.

"थंडी बघितलीस का इथली गेल्या चाळीस वर्षांत?"

"लहानपण इथेच गेलं ना माझं."

"लहानपणी आई तुझे मोजे शेगडीवर गरम करून द्यायची," नोएलीन म्हणाली आणि किटली चढवली. तिने कपाटातून चांगले कप काढले, मग मन बदलून रोजचेच ठेवले. पण त्या रात्री तिला झोप छान लागली. समोरच्या खिडकीत दिवा होता, आणि तो आपल्या माणसाचा होता.

व्हॅल्मेच्या घरासमोर अंगण म्हणून जे होतं त्यात सुकलेलं गवत आणि एक मोडका पक्ष्यांचा हौद. एप्रिलमध्ये व्हॅल्मे म्हणाली, फुलझाडं लावायचीत, कायमची, तू चल बरोबर. नोएलीनने आढेवेढे घेतले, कारण घेतले नसते तर तिला किती आनंद झाला ते दिसलं असतं. दोघी तिमारूच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेत गेल्या.

आत शिरताच व्हॅल्मेने पर्समधून फोन काढला. "हे बघ. सगळ्यात लोकप्रिय कोणती, सगळं दिलंय."

"पाव पण लोकप्रिय आहे. म्हणून तो कुणी अंगणात पुरत नाही."

"नोल, मला साधं काहीतरी हवंय. पांढरं, निळं, जांभळं. लाल नको. लाल डोळ्यावर येतं म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"सगळेच."

"या सगळ्यांना मी एकदा भेटायला हवं," नोएलीन म्हणाली. "त्यांनी देशाची वाट लावली आहे."

व्हॅल्मे ढकलगाडी घेऊन निघाली आणि फोनमधली चित्रं बघत कुंड्या उचलू लागली. शास्ता डेझी. निळा सॅल्व्हिया. मग कॅटमिंट, जिचा वास आला की मांजरं लोळायला येतात.

"ही घेऊ नकोस. गावभरचे बोके तुझ्याकडे मुक्कामाला येतील."

"ब्रिस्बेनला माझ्या सगळ्या मैत्रिणींच्या फोटोत असते ही."

"फोटोत बोके दिसत नाहीत."

पुढच्या वाफ्यात सावलीला हेलेबोर होते. नोएलीन तिथे थांबली. तिच्या आवाजात जरा वेगळा सूर आला. "हे घे. जुलैत, सगळं मेलेलं असताना फुलतं. गारपीट झाली तरी हलत नाही."

व्हॅल्मेने वाकून बघितलं. "हे तोंड खाली घालून बसलंय. फूल बघायला काय गुडघे टेकायचे?"

"हो. टेकायचे."

"नको गं बाई. रस्त्यावरून दिसायला हवं." तिने एक डेल्फिनियम उचललं, त्याच्या कुंडीवरचं चित्र बघितलं आणि विचारलं, "हे याच नोव्हेंबरात येईल ना?"

"आलं तर येईल. पुढच्या वर्षी नक्की येईल."

व्हॅल्मेने ते परत ठेवलं. "याच नोव्हेंबरातलं हवं."

"एवढी घाई कसली? कुठली गाडी पकडायचीय?"

व्हॅल्मे हसली आणि आणखी एक शास्ता डेझी उचलली. पैसे देताना गल्ल्यावरच्या बाईने ढकलगाडीकडे बघून म्हटलं, वा, फार सुंदर निवड आहे. नोएलीनने तिच्याकडे असं बघितलं की त्या बाईने पुढचं वाक्य गिळलं.

एवढी नावं ठेवूनही खणायला नोएलीनच गेली. मे महिन्यात तिने ते सुकलं गवत उचकटून काढलं. ओळखीच्या शेतकऱ्याच्या लोकर कातरायच्या शेडखालून मेंढ्यांचं जुनं खत पोत्यांनी आणून मातीत मिसळलं. जून-जुलैत, हात बधिर करणाऱ्या थंडीत, दगड वेचले, वाफ्यांच्या कडा बांधल्या. त्या सामान्य, बाजारू, फोटोतून निवडलेल्या झाडांना तिने जी जमीन करून दिली तशी हेडमास्तरांच्या सात पिढ्यांनी बघितली नसती. व्हॅल्मे ओसरीवर दोन कोट घालून उभी राहायची आणि चहाचा कप धरून म्हणायची, "पुरे आता, नोल, आत ये." आत धिरड्यासारख्या छोट्या गोड पाइकलेट असत, गरम, ताज्या, वर जॅम. एकमेकींकडे बघून दोघी हसायच्या. जुन्या शिक्षकांच्या नकला करायच्या. एकदा नोएलीन इतकी हसली की तिला कवळी सांभाळावी लागली.

आणि तिने आईची पिओनी दिली.

ही पिओनी आजीच्या डोंगराखालच्या शेतावरून आईने लग्नात आणली होती, आणि आई गेल्यावर नोएलीनने ती आपल्या घरी आणली. फूल फिकट गुलाबी, मुलाच्या डोक्याएवढं, आणि वास असा की खोलीत एक ठेवलं तर दुसरं ठेवायची गरज नाही. पण शेजाऱ्याचं मॅक्रोकार्पाच्या दाट झाडांचं कुंपण वाढत वाढत छपराच्या वर गेलं होतं आणि गेली कित्येक वर्षं पिओनी नुसती पानं काढत होती. व्हॅल्मेच्या अंगणाला उत्तरेचं ऊन दिवसभर होतं. मे महिन्यात, झाड झोपलेलं असताना, नोएलीनने अख्खा गड्डा उकरला, पोत्यात गुंडाळला आणि एकचाकी गाडीतून रस्ता ओलांडून नेला.

"हे काय?" व्हॅल्मे म्हणाली.

"आईची पिओनी."

"ती अजून जिवंत आहे?"

"मी काय मारून टाकीन?"

व्हॅल्मे पायऱ्या उतरून खाली आली. तिने पोत्याला हात लावला, मग हात कोटाला पुसला. "फुलेल कधी?"

"हलवली की रुसते ही. दोन वर्षं. कदाचित तीन."

व्हॅल्मेने एकदा घराकडे बघितलं. मग म्हणाली, "तुझ्याकडेच राहू दे ना. खरंच."

"माझ्याकडे सावली आहे. तुझ्याकडे ऊन आहे. झालं." नोएलीनने खड्डा आधीच खणून ठेवला होता. तिने गड्डा बसवला, लाल कोंबांवर दोन बोटं माती राहील इतकाच, त्याहून खोल नाही, आणि कडेने पायाने दाबून घेतलं. असं काही देण्याची तिला सवय नव्हती. त्यामुळे दिल्यावर ती लगेच घरी गेली.

नोव्हेंबरात व्हॅल्मेचं अंगण असं फुललं की लोक गाड्या हळू करू लागले. निळ्या सॅल्व्हियाच्या काड्या, पांढऱ्या डेझी, त्यांच्या पायाशी कॅटमिंटचा जांभळा धूर, आणि त्यात लोळणारे दोन अनोळखी बोके. हेडमास्तर स्वतः थांबून म्हणाले, बाग असावी तर अशी. नोएलीन रस्त्याच्या पलीकडून हे बघत होती. बाग तिने केली होती, आणि तिला ती आवडत नव्हती. वाखाणणी कुणाची घ्यावी आणि कुणाची झटकावी, याचा तिचा गोंधळ झाला होता.

पिओनीने हिरवी, तुकतुकीत पानं काढली होती. नोएलीन रोज संध्याकाळी तेवढीच बघून यायची.

एका सकाळी एक माणूस व्हॅल्मेच्या कुंपणाशी पाटी ठोकत होता. पाटीवर घराचा फोटो होता, पुढे सगळी फुलं, आणि मोठ्या अक्षरात 'विकणे आहे'. नोएलीन चपला न बदलता तशीच गेली.

व्हॅल्मे ओसरीवर होती.

"तो माणूस चुकून तुझ्या कुंपणात खड्डा करतोय," नोएलीन म्हणाली.

"चुकून नाही, नोल. बस."

"मी उभी आहे ती ठीक आहे."

"गोल्ड कोस्टला एक फ्लॅट मिळतोय. मुलगी तिथून जवळ आहे." व्हॅल्मे कपाकडे बघत बोलत होती. "इथे माझी हाडं दुखतात. मी प्रयत्न केला."

"कधी ठरलं?"

"असं एका दिवसात ठरत नाही."

"कधी?"

"दलालाने, त्या डॅरिलने, घर घेतानाच सांगितलं होतं, पुढेमागे विकायचं झालं तर समोर बाग हवी. लोकांना आवडतात ती फुलं हवीत. मी म्हटलं, बघू. मग जून आला." तिने खांदे उडवले. "जूनमध्ये मला कळलं."

नोएलीनने ऑगस्ट, जुलै, जून असे महिने मनात मागे नेले. "म्हणजे मी ते दगड वेचत होते तेव्हा तुला ठाऊक होतं."

व्हॅल्मेने कप खाली ठेवला.

"आणि तू आतून पाइकलेट आणत होतीस."

"मला तुझ्याबरोबर बसायला आवडत होतं," व्हॅल्मे म्हणाली. "ते खोटं नव्हतं."

"मजुराला चहा देतात, त्यात खोटं काय असणार," असं म्हणून नोएलीन घरी गेली.

शनिवारी घर बघायला लोक येणार होते. डॅरिल, तो घरं विकणारा, टोकदार बूट घालून फाटकात उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला जणू त्याचा चुलतभाऊ असल्यासारखा हात देत होता. नोएलीन गमबूट घालून, खांद्यावर फावडं घेऊन आली.

"आपण घर बघायला आलात?" डॅरिल म्हणाला.

"मी माझं झाड न्यायला आले."

डॅरिलला प्रकरण ठाऊक असावं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "मिसेस ट्रेवेथन, मुळं जमिनीत आहेत तोवर झाड घराचं. जाहिरात झाली आहे. काही काढता येणार नाही."

"जाहिरातीत पिओनी कुठे आहे? तुला तरी ओळखता येते का ती?"

त्याला ओळखता येत नव्हती. त्याने सॅल्व्हियाकडे बोट दाखवलं. नोएलीन त्याला ओलांडून आत गेली, पिओनीजवळ पोचली आणि फावड्याचं पातं कडेला मातीत टेकवलं. पाय वर ठेवला. आणि तिथेच थांबली.

पानं पूर्ण उमललेली होती. ऊन तापलेलं होतं. आत्ता उकरली तर ती मरेल, हे तिला जितकं ठाऊक होतं तितकं त्या अख्ख्या अंगणात कुणालाच ठाऊक नव्हतं. नुसता राग काढायचा तर एक घाव पुरे होता. झाड हवं असेल तर शरद ऋतूपर्यंत, पुढच्या एप्रिलपर्यंत, हात बांधून बसायला हवं होतं. तिने पाय खाली घेतला. आजूबाजूला लोक घराचे पडदे आणि शेगडी बघायला आत जात होते, आणि गमबुटातली ही म्हातारी फावड्यावर रेलून उभी होती.

मग तिला दुसरा उपाय सुचला. घर विकलंच गेलं नाही तर? एक गुबगुबीत जोडपं डेझी बघत होतं. "छान आहेत ना," नोएलीन त्यांना म्हणाली. "फुलदाणीत ठेवून बघा. मेलेल्या उंदराचा वास येतो." ते जोडपं आत गेलं. पुढे आलेल्या बाईला तिने सांगितलं, "मांजराची ॲलर्जी नाही ना कुणाला घरात? गावातली सगळी इथेच येतात." एकाला तर तिने सांगितलं की खालून गटाराची नळी जाते आणि मुळं तिच्यात शिरतात, आणि हे ती सपशेल खोटं बोलली.

एक रुंद खांद्यांची तरुण बाई, पिवळ्या कामाच्या जाकिटात, ते सगळं ऐकत कुंपणाला टेकून उभी होती. ती मोठ्याने हसली.

"घर वाईट आहे का फक्त बाग?" तिने विचारलं.

"बाग मी केली आहे," नोएलीन म्हणाली. "निवडली दुसऱ्याने."

त्या बाईचं नाव टीगन. ती दुधाचा टँकर चालवायची. रात्री शेतांवरून दूध गोळा करायचं आणि दिवसा झोपायचं. तिला शांत रस्ता हवा होता. तिनेच घर घेतलं.

व्हॅल्मे नाताळाच्या आधी गेली. टॅक्सी उभी होती, बॅगा आत गेल्या होत्या. नोएलीन आपल्या फाटकात होती, रस्ता ओलांडायचा नाही असं ठरवून. शेवटी व्हॅल्मेच आली.

"माझ्याशी बोलणारच नाहीस?"

"विमानात हवा गार असते. मोजे घाल."

"नोल."

"आईची पिओनी तू एका दलालाच्या फोटोसाठी विकलीस."

व्हॅल्मेचा चेहरा लाल झाला. "मी मागितली होती का? मी म्हटलं होतं, तुझ्याकडेच राहू दे. तू खड्डा खणूनच आली होतीस. तू कधी विचारतेस का कुणाला, नोल? तू सांगतेस. आईच्या वेळीही तू मला कळवलंस ते ती गेल्यावर, आणि वर इतकी वर्षं मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"तू आली नसतीस."

"ते मला ठरवू द्यायचं होतंस."

टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. व्हॅल्मेने बहिणीच्या गालाला गाल लावला आणि गेली. नोएलीन आत जाऊन टोमॅटोला पाणी घालत बसली. पाणी बरंच वाया गेलं.

आता उरली टीगन. एप्रिलपर्यंत तिच्याशी गोड राहायला हवं होतं, आणि गोड राहणं नोएलीनच्या अंगवळणी नव्हतं. जानेवारीत ती आल्याचा केक घेऊन समोर गेली. टीगन नुकतीच उठली होती. केस विस्कटलेले, पायात एक मोजा. तिने अंगणात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या आणि डेझींकडे तिचं लक्षही नव्हतं. पाणी घातलेलं नव्हतं. नोएलीनला ते बघवेना, पण ती बसली.

"यातली चांगली कुठली, तुम्हाला ठाऊक असेल," टीगन केक खात म्हणाली. "मला तर सगळी सारखीच."

इथे नोएलीनने हुशारी केली. पिओनी चांगली म्हणून सांगितलं तर ही सोडणार नाही, असं तिला वाटलं. तिने सगळ्या बाजारू झाडांची तोंडभर स्तुती केली, अगदी कॅटमिंटचीही, आणि मग पिओनीकडे हात झटकला.

"ते मात्र काही कामाचं नाही. नुसती पानं. फूल ना काही. जागा अडवून बसलंय. एप्रिलात सवडीने मी काढून नेईन, तुम्हाला त्रास नको."

"काय आहे ते?"

"जुनाट काहीतरी. कचरा."

हा शब्द तिने पिओनीकडे न बघता उच्चारला. टीगनने मान डोलावली, आणि नोएलीन स्वतःवर खूश होऊन घरी आली. या गावात बागेतलं कळत नाही कुणाला, हे एकदा तरी उपयोगी पडलं, असा विचार तिने केला.

फेब्रुवारीत वायव्येचा गरम वारा सुटला. दोन दिवस असा वाहत होता की पानं दुपारीच गळून पडत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी फाटकाची कडी वाजली. टीगन उभी होती, कोपरापर्यंत मातीने माखलेली, कपाळावर घाम, आणि हातात कचऱ्याची मोठी काळी पिशवी.

"काढून टाकलं," ती म्हणाली. "या वाऱ्यात तुम्ही कशाला राबायचं. भलतंच खोल गेलं होतं हो. शेवटी कुऱ्हाड घ्यावी लागली. टाकायलाच निघाले होते, म्हटलं तुम्हाला खतात लागेल."

नोएलीनने पिशवी उघडली. पानं गरम झाली होती, शिजवल्यासारखी. खाली जाड, तपकिरी मुळं, भाजीसारखी चिरलेली, पांढरा गर उघडा पडलेला. तिने एक तुकडा हातात घेतला. त्यावर पुढच्या वर्षीचा कोंब होता, टाचणीच्या डोक्याएवढा, लाल.

ती फाटकाच्या खांबाला धरून खाली बसली.

"काय झालं? ऊन लागलं का?" टीगन वाकली. "पाणी आणू?"

"ही माझ्या आईची आहे," नोएलीन म्हणाली. "त्याआधी तिच्या आईची."

टीगनला समजायला वेळ लागला. तिने पिशवीकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. "तुम्ही म्हणालात कचरा आहे."

"म्हणाले."

"का?"

नोएलीन हातातल्या तुकड्यावरची माती अंगठ्याने पुसत राहिली.

"तुम्हाला वाटलं मी देणार नाही," टीगन सावकाश म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे तो जास्तच लागला. "मला मूर्खात काढून घेऊन जायचं होतं. सरळ मागितलं असतं तर मी त्याच दिवशी हो म्हटलं असतं. मी रात्रभर टँकर चालवून आले आहे, बाई. झोप सोडून हे केलं, तुमच्यासाठी."

"ठाऊक आहे."

"आता काय करायचं?"

"ओरडून घे आधी."

"ओरडण्यात वेळ जाईल," टीगन म्हणाली. "यातलं काही वाचेल का?"

नोएलीन उठली. तिने टीगनला घराच्या दक्षिणेच्या भिंतीशी, सावलीत नेलं, आणि जे सुचेल ते हुकूम सोडू लागली. पोतं भिजव. तो नाही, धारदार सुरा आण. असा कापतात का, काय पनीर आहे ते. ज्या तुकड्याला कोंब आहे तोच ठेव, बाकीचा सोड. टीगनने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. तिचे हात मोठे होते, पण सांगितल्यावर नीट चालत होते. मोजके तुकडे निघाले. ते त्यांनी ओलसर रेतीमातीत लावले. सगळं होऊन टीगन घरी निघाली तेव्हा नोएलीनला काहीतरी म्हणायचं होतं. तिने म्हटलं, "तुझ्या डेझींना पाणी घाल. गाढवाला तरी लोक पाणी देतात."

"घालते," टीगन म्हणाली आणि जांभई देत गेली.

बहुतेक तुकडे हिवाळ्यात कुजले. नोएलीन एकेक उकरून बघायची, वास घ्यायची आणि खताच्या ढिगावर टाकायची. सप्टेंबरात एका तुकड्यातून एक देठ वर आला, त्याला तीन पानं, आणि तेवढ्यावरच तो थांबला. आणखी काही वर्षं यातून फूल येणार नव्हतं, कदाचित कधीच नाही. तिने तो शेजाऱ्याच्या मॅक्रोकार्पापासून शक्य तितका दूर लावला. मग ती पहिल्यांदाच शेजाऱ्याच्या दारात गेली आणि कुंपण छाटाल का, असं विचारलं. शेजारी म्हणाला, तुम्ही कधी बोलला नाहीत, मला वाटलं तुम्हाला आडोसा हवाय.

त्याच सुमारास व्हॅल्मेचा फोन आला. समुद्र, नातवंडं, लिफ्ट बिघडली, असं बरंच सांगून झाल्यावर तिने विचारलं, "आणि माझी बाग?"

"तुझी कुठली बाग?"

"बरं, तुझी."

नोएलीनने पिओनीचं सगळं सांगितलं, आपण टीगनला काय म्हणालो तेही. मग व्हॅल्मे हसायला लागली, आणि हसता हसता तिचं नाक वाहू लागलं असावं, कारण ती मधेच फोन ठेवून रुमाल शोधायला गेली. नोएलीन तोवर फोन कानाशी धरून राहिली.

व्हॅल्मेच्या जुन्या अंगणात, जिथून पिओनी निघाली होती तिथे, खड्डा तसाच होता. नोव्हेंबरात एका पहाटे टीगन डोंगराकडच्या मॅकेन्झी भागातली फेरी करून आली ती टँकरच्या केबिनमध्ये नदीकाठचे ल्युपिन घेऊनच. जांभळे, गुलाबी, उंच तुऱ्यांचे, ज्यांच्यात उभं राहून प्रवासी फोटो काढतात, आणि ज्यांनी तिकडचे नदीकाठ गिळले आहेत. ऐन फुलावर असताना उपटलेले, मुळं निम्मी तुटलेली. ती ते खड्ड्यात कोंबत असताना नोएलीन कुंपणाशी आली.

"हे तण आहे," ती म्हणाली.

"सुंदर आहे."

"सगळ्या देशाला सुंदर वाटतं, म्हणूनच नदीला पाणी वाहायला जागा उरली नाही. आणि फुलावर असताना उपटलंस. उद्या मान टाकेल."

"टाकू दे. परवा पुन्हा जाणार आहे त्या बाजूला."

नोएलीनने त्या केविलवाण्या झुडपाकडे बघितलं, मग टीगनच्या गुडघ्यांकडे, ते ओल्या मातीत रुतले होते. इतकी कमी अक्कल आणि इतकी मोठी उमेद एका ठिकाणी तिने फार दिवसांत बघितली नव्हती.

"त्याचे तुरे आधी कापून टाक," ती म्हणाली. "सगळे. जगायचं असेल तर त्याला आत्ता मिरवून चालणार नाही."

टीगनने तुऱ्यांवरून हात फिरवला. "एक ठेवू?"

"ठेव," नोएलीन म्हणाली, "आणि मग मरताना बघ."

टीगनने एक ठेवला. नोएलीन नाक मुरडत घरी गेली आणि पाण्याची झारी भरून परत आली.